बटालियन किनाऱ्यावर उतरवायची कशी : लँडिंगची कागदावरची आखणी

समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर एक लँडिंग स्वतः कागदावर आखून बघा. लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना, नकाशावरचे युद्धखेळ खेळणाऱ्यांना आणि संरक्षण विषयावर लिहिणाऱ्यांना दहा वर्णनं वाचून कळणार नाही एवढं त्यातून कळतं. सामान फार लागत नाही. खोली दाखवणारा सागरी नकाशा, भरती-ओहोटीचं कोष्टक, चौकटीचा कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर पुरे. उदाहरणासाठी इथे मुख्यतः ब्रिटनने अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धात २१ मे १९८२ ला फॉकलंड बेटांवर केलेलं सान कार्लोस लँडिंग घेतलं आहे. ते एका ब्रिगेडचं, म्हणजे डोक्यात मावेल एवढं आहे. शिवाय त्यात बरोबर काय झालं आणि बिघडलं काय, दोन्ही स्पष्ट दिसतं.

आखणी उलटी करायची, हा पहिला नियम. नवशिका माणूस जहाजापासून सुरुवात करतो: एवढी जहाजं आहेत, त्यांत एवढी माणसं मावतील, मग ती उतरवू. प्रत्यक्षात प्रश्न उतरल्यानंतरच्या लढाईपासून सुटायला लागतो. जमिनीवर कोणत्या टेकड्या हव्यात, त्या घ्यायला कोणत्या तुकड्या लागतील, त्या तुकड्या कोणत्या क्रमाने पुळणीवर पोचायला हव्यात, त्यासाठी कोणती बोट कधी सुटायला हवी आणि म्हणून बंदरात जहाजाच्या तळाशी काय व वरती काय ठेवायचं, असे मागे मागे जायचं. ही साखळी जिथे तुटते तिथेच लँडिंग फसतं.

आधी फौजेची शिडी

पायदळाची रचना भारतीय पद्धतीने मांडू. दहा जणांचं सेक्शन, त्याचा प्रमुख हवालदार. तीन सेक्शन आणि छोटं मुख्यालय मिळून पस्तीसेक जणांची प्लाटून. तीन प्लाटूनची रायफल कंपनी, साधारण १२० जण, प्रमुख मेजर. चार रायफल कंपन्या, उखळी तोफा व रणगाडाविरोधी शस्त्रं बाळगणारी सपोर्ट कंपनी आणि मुख्यालय धरून बटालियन, म्हणजे कर्नलच्या हाताखाली आठशेच्या आसपास माणसं. तीन बटालियनची ब्रिगेड आणि तीन ब्रिगेडची डिव्हिजन. तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय, पुरवठा ही मंडळी वरच्या पातळीवर असतात आणि गरजेप्रमाणे खाली जोडून दिली जातात.

लँडिंगमध्ये हा जोडून देण्याचा भागच सर्वांत महत्त्वाचा. रस्त्याने जाणाऱ्या बटालियनच्या मागून तोफा तासाभराने आल्या तरी चालतं. किनाऱ्यावर उतरलेल्या बटालियनच्या मागे मात्र पाणी असतं. म्हणून तिला आधीच सहा तोफांची एक बॅटरी, इंजिनिअरांची प्लाटून, टेहळणी तुकडी, सिग्नल, डॉक्टर आणि जहाजांच्या तोफांचा मारा सांगणारे निरीक्षक देऊन स्वयंपूर्ण करतात. अमेरिकन मरीन कोअरमध्ये याचं कायमचं रूप म्हणजे मरीन एक्स्पिडिशनरी युनिट. त्यात सुमारे २,२०० माणसं, गाभ्यात एक वाढवलेली बटालियन, सोबत हेलिकॉप्टर-विमानांचा भाग, पुरवठ्याचा भाग आणि तिन्हींवर एकच मुख्यालय असतं. १५ दिवस पुरेल एवढा साठा बरोबर असतो. सान कार्लोसला उतरलेली ब्रिटिश ३ कमांडो ब्रिगेड त्याहून मोठी होती. रॉयल मरीनच्या ४०, ४२ आणि ४५ कमांडो या बटालियनएवढ्या तीन तुकड्या, पॅराशूट रेजिमेंटच्या २ आणि ३ या दोन बटालियन (पुढे २ पॅरा, ३ पॅरा) आणि १०५ मिलिमीटरच्या हलक्या तोफा असा तिचा बाज होता.

कागदावर दोन तक्ते करा. एक नेहमीच्या रचनेचा, दुसरा जोडण्या दिल्यानंतरचा. यापुढे पहिला तक्ता बाजूला ठेवून द्यायचा.

पुळण तपासताना

नकाशावर सुंदर दिसणारी पुळण बऱ्याचदा निरुपयोगी असते. चार गोष्टी बघा: उतार, तळ, भरती आणि बाहेर पडायच्या वाटा.

उताराचं गणित सोपं आहे. बोटीचा पुढचा भाग पाण्यात एक मीटर बुडत असेल आणि तळाचा उतार १:३० असेल, तर बोट पाण्याच्या कडेपासून ३० मीटरवर टेकते. उतार १:१०० असला की १०० मीटरवर. तेवढं अंतर माणसं पाण्यातून, पाठीवर ओझं घेऊन, गोळीबारात चालत जाणार. दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडे वाहणाऱ्या एलएसटी जहाजांची रचनाच मुळी १:५० उतार धरून केली होती, पुढे सुमारे एक मीटर पाणी आणि मागे तीन मीटर. उतार याहून सपाट असेल तर मागचा भाग आधी टेकतो आणि दरवाजा खोल पाण्यात उघडतो.

सलग उतार असतो असंही नाही. लाटांमुळे किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे तयार होतात आणि त्यांच्या आत खोलगट पट्टा राहतो. बोट दांड्यावर टेकते, चालकाला वाटतं किनारा आला, दरवाजा पडतो आणि पहिला जवान गळ्याइतक्या पाण्यात जातो. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारला भारतीय लँडिंगचं नेमकं हेच झालं. पुळणीची आधी नीट पाहणी झालेली नव्हती. जहाजं किनाऱ्यापासून लांब अडकली, जवान खोल पाण्यात उतरले, त्यांतले काही बुडाले आणि बाकीच्यांना तसं उतरवणं थांबवावं लागलं. समोर शत्रूचा प्रतिकार नव्हता म्हणून बरं. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या १९४४ च्या लँडिंगसाठी ब्रिटिशांनी पाणबुडे रात्री पोहत पाठवून वाळूचे नमुने आणले होते, ते उगाच नाही. वाळूखाली मऊ चिकणमाती असलेले पट्टे त्यांतून कळले आणि त्यावर कापडी गालिचा अंथरणारे खास रणगाडे तयार झाले. उलट १९४२ मध्ये फ्रान्समध्येच दिएपला गोट्यांच्या किनाऱ्याने चर्चिल रणगाड्यांच्या पट्ट्या अडकवून तोडल्या.

भरतीचं कोष्टक उघडा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, गोव्यात दोन-अडीच मीटरच. म्हणजे १:१०० उताराच्या मुंबईतल्या पुळणीवर पाण्याची कड सहा तासांत जवळपास ५०० मीटर सरकेल. उतरायची वेळ त्यावरून ठरवायची. पूर्ण भरतीला उतरलात तर चालायचं अंतर कमी, पण शत्रूने लावलेले अडथळे पाण्याखाली लपतात आणि बोट ओहोटीत कोरडी पडते. ओहोटीला उतरलात तर अडथळे दिसतात, पण उघडी वाळू ओलांडावी लागते. नॉर्मंडीत ओहोटी संपून पाणी चढू लागतानाची वेळ निवडली, आणि ओमाहा किनाऱ्यावर सैनिकांना सुमारे ३०० मीटर उघडी वाळू पार करावी लागली. चढत्या पाण्याचा फायदा असा की टेकलेली बोट आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात कधीही उतरवू नका. अपवाद एकच, मुद्दाम बोट कोरडी पाडायची असेल तेव्हा.

तसा अपवाद कोरियात इंचॉनला झाला. १५ सप्टेंबर १९५० ला तिथे भरतीचा फरक नऊ मीटरच्या आसपास होता आणि ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा पडायचा. म्हणून लँडिंगचे दोन तुकडे केले. सकाळच्या भरतीला एक बटालियन वोल्मी-दो बेटावर उतरली, आणि मुख्य फौज थेट संध्याकाळच्या भरतीला, शिड्या लावून बंदराच्या भिंतीवर चढली. दारूगोळा भरलेली आठ एलएसटी जहाजं रात्रभर चिखलात बसवून ठेवली, कारण सकाळपर्यंत दुसरं काही पोचणारच नव्हतं.

कोष्टकात तारीखही बघा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांत दीड-दोन मीटरचा फरक सहज पडतो. पॅसिफिक महासागरात ताराव्याला अमेरिकन मरीन उतरले तेव्हा, नोव्हेंबर १९४३ मध्ये, भांगाची भरती होती. प्रवाळाच्या कड्यावर बोटींना लागणारं पाणी चढलंच नाही. पट्ट्यांवर चालणारी सव्वाशे उभयचर वाहनं कडा ओलांडून गेली; बोटींमधून आलेल्यांना काही शे मीटर पाण्यातून चालत जावं लागलं. त्या छोट्या बेटावर सुमारे हजार मरीन मेले.

बाहेर पडायच्या वाटांबद्दल थोडक्यात: पुळणीवरून वाहनांना आत नेणारी वाट किती आणि कशी आहे ते मोजा. एकच खिंड असेल तर कितीही बोटी असल्या तरी वेग त्या खिंडीचाच राहतो.

बोटी, फेऱ्या, लाटा

आता आकडे. समजा तुमच्याकडे सान कार्लोसच्या ‘फिअरलेस’सारखं एक जहाज आहे. मागच्या बाजूला पाणी आत घेता येणारी गोदी, त्यात चार मोठ्या लँडिंग बोटी आणि बाजूला टांगलेल्या चार लहान. मोठीत दाटीवाटीने शंभर माणसं, लहानीत पस्तीस. एका फेरीत ५४० जण.

जहाज किनाऱ्यापासून चार सागरी मैलांवर उभं आहे, भरलेली बोट आठ नॉटने, म्हणजे ताशी आठ सागरी मैल वेगाने चालते. जायला ३० मिनिटं, उतरवायला १५, परतायला ३०, पुन्हा भरायला २५. म्हणजे पहिली फेरी टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंत १०० मिनिटं. एअर कुशनवर चालणारी एलसीएसी असेल तर ४० नॉटने २५ मैल अंतर चाळीसेक मिनिटांत कापते, त्यामुळे जहाज क्षितिजाआड राहू शकतं. पण ती एका वेळी एकच मोठा रणगाडा नेते आणि आवाज दूरवर जातो.

या १०० मिनिटांत किनाऱ्यावर फक्त पाठीवर आणलेलं सामान असतं. चार रायफल कंपन्या भरल्या की ४८० झाले, उरल्या ६० जागा. त्या कोणाला द्यायच्या हा खरा परीक्षेचा प्रश्न. बटालियनचं छोटं युद्ध-मुख्यालय, जहाजांच्या तोफांचे निरीक्षक, सुरुंग काढणारे इंजिनिअर, डॉक्टरांची तुकडी यांतच त्या संपतात. मग ८१ मिलिमीटरच्या उखळी तोफा? माझं मत स्पष्ट आहे: चौथ्या कंपनीची एक प्लाटून दुसऱ्या फेरीला ढकला आणि उखळी तोफा पहिल्या फेरीत न्या. तीस बंदुका कमी पडल्या तर निभतं, पण टेकडीमागच्या मशीनगनवर गोळे टाकायला काहीच नसलं तर अख्खी बटालियन वाळूत अडकते. दुसऱ्या फेरीत उरलेली तीनेकशे माणसं चार लहान व दोन मोठ्या बोटींत बसतात आणि दोन मोठ्या बोटी वाहनांना मोकळ्या राहतात.

सान कार्लोसलाही असंच होतं. अशी दोन जहाजं, म्हणजे सोळा बोटी. पहिल्या फेरीत ४० कमांडो आणि २ पॅरा, दुसरीत ४५ कमांडो आणि ३ पॅरा. ४२ कमांडो राखीव म्हणून ‘कॅनबेरा’ या प्रवासी जहाजावर. २ पॅराला नागरी जहाजावरून अंधारात बोटींत उतरायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि सगळं वेळापत्रक तासाभराने सरकलं. म्हणून माणसं बोटीत भरायचा वेळ कोष्टकातून घेऊ नका. सराव केलेली तुकडी, बिनसरावाची तुकडी, दिवस, रात्र असे चार आकडे ठेवा.

प्रत्येक बोट ही लढणारी तुकडी असली पाहिजे. बोट भरकटते, शेजारची बुडते, आणि उतरलेल्यांना आहे त्यावर लढावं लागतं. ओमाहावर अमेरिकनांनी म्हणूनच कंपनी मोडून एकतीसेक जणांचे बोटगट केले होते. त्यांत रायफलवाले, तार कापणारे, हलक्या मशीनगन, बझूका, लहान उखळी तोफ, ज्वालाफेक, स्फोटकं लावणारे, सगळे एकाच बोटीत. कल्पना बरोबर होती, पण प्रवाहाने बोटी पूर्वेला वाहून नेल्या आणि प्रत्येक गटाला पाठ असलेली जागा समोर नव्हतीच. यावरून दोन गोष्टी करा. प्रत्येक गटाला शेजारच्या दोन गटांचं काम पाठ हवं. आणि कंपनी कमांडर व त्याचा दुय्यम, तसेच दोन्ही वायरलेस संच कधीही एका बोटीत नकोत.

लाटांचं, म्हणजे एकामागून एक किनाऱ्याकडे जाणाऱ्या बोटींच्या रांगांचं, वेळापत्रक एच-अवरपासून (पहिली लाट टेकायच्या ठरलेल्या वेळेपासून) मिनिटांत लिहा: एच, एच अधिक ५, एच अधिक १०. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर सुटण्याची रेषा आखा, तिथे नियंत्रण बोट उभी करा. जहाजांचा तोफमारा मात्र घड्याळावर बंद करू नका. पहिली लाट उशिरा आली आणि मारा ठरल्या मिनिटाला थांबला की मधल्या वेळेत शत्रू खंदकांतून वर येऊन बसतो. ताराव्यात तेच घडलं. पहिली लाट अमुक अंतरावर आल्यावर मारा पुढे सरकवायचा, असं लिहा. पहिल्या तीन-चार लाटांनाच पक्की वेळ द्या. बाकीच्या ‘बोलावल्यावर’ या खात्यात ठेवा, म्हणजे कोणत्या पुळणीवर यश मिळतंय ते बघून त्या वळवता येतील.

खवळलेल्या समुद्राची वेगळी नोंद हवी. ओमाहाला ७४१ व्या टँक बटालियनचे २९ तरंगते रणगाडे दूरवर पाण्यात सोडले, २७ बुडाले. शेजारच्या ७४३ व्या बटालियनचे थेट पुळणीवर नेऊन उतरवले. लाटांची उंची अमुक फुटांहून जास्त असेल तर काय करायचं आणि तो निर्णय कोणाचा, हे आधीच लिहून ठेवायचं.

जहाज भरणं

इथे लोक कंटाळतात आणि इथेच लँडिंग जिंकतं किंवा हरतं. व्यापारी जहाज जागा वाचवून भरतात. लढाईचं जहाज उतरण्याच्या क्रमाने भरतात: शेवटी लागणारं तळाशी, पहिलं लागणारं दाराशी. यात पाव-एक जागा वाया जाते, ती जाऊ द्या. फॉकलंडसाठी जहाजं घाईत, जे आलं ते आत असं करून निघाली. वाटेत अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर थांबून दिवसचे दिवस हेलिकॉप्टरने माल इकडून तिकडे हलवावा लागला.

दुसरा नियम म्हणजे एकाच प्रकारचं महत्त्वाचं सामान एका जहाजात नको. प्रत्येक जहाजापुढे लिहा: हे बुडालं तर काय जाईल? ‘कॅनबेरा’वर तीन बटालियन एकत्र होत्या. लँडिंगच्या दोन दिवस आधी, १९ मे ला, भर समुद्रात ४० कमांडो आणि ३ पॅरा वेगवेगळ्या जहाजांवर हलवल्या. मालाच्या बाबतीत तेवढं सुचलं नाही. २५ मे ला ‘अटलांटिक कन्व्हेयर’ला क्षेपणास्त्र लागलं, त्यात तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं गेली, तंबूही गेले. राजधानी स्टॅनली सुमारे ८० किलोमीटरवर. फौजेचा बराच भाग मग चालत गेला.

वजनाचा हिशोब करून बघा. १०५ च्या एका गोळ्याचं वेष्टनासह वजन २० किलो धरलं, तर सहा तोफांना प्रत्येकी १०० गोळे म्हणजे १२ टन. हेलिकॉप्टर खाली टांगून अडीच टन उचलत असेल तर पाच फेऱ्या, आणि हा साठा चांगल्या लढाईत एका रात्रीत संपतो. आठशे जणांना माणशी पाच लिटर पाणी म्हणजे रोज चार टन. सान कार्लोसला टेकड्यांवर बसवलेल्या रेपिअर विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या जनरेटरला पेट्रोल पोचवण्यातच हेलिकॉप्टरांचा वेळ जात होता. तो खर्च तुमच्या तक्त्यात हवा.

हुकूम कोणाचा

समुद्रात आणि उतरताना नौदलाचा सेनापती, किनाऱ्यावर पाय घट्ट झाल्यावर भूदलाचा. आखणी दोघे बरोबरीने करतात. अधिकार कोणत्या घटनेनंतर बदलतो ते एका वाक्यात लिहा, नाहीतर गोंधळ ठरलेला. फॉकलंडमध्ये जहाजांचे कमोडोर क्लॅप, ब्रिगेडचे थॉम्पसन आणि विमानवाहू गटाचे अॅडमिरल वुडवर्ड हे तिघेही सुरुवातीला स्वतंत्रपणे थेट इंग्लंडला उत्तरदायी होते. जागेवर एक वरिष्ठ नसल्याचा त्रास तिघांनाही झाला.

पहिल्या दिवसानंतर

पुळणीवर नौदलाचा बीचमास्टर, म्हणजे तिथली बोटींची आणि मालाची ये-जा सांभाळणारा अधिकारी, आणि त्याची टोळी पहिल्या तासातच हवी. तिच्याविना दुसऱ्या फेरीचा माल पाण्याच्या कडेला साचतो आणि भरतीत भिजतो. दारूगोळा, इंधन आणि रुग्णालय वेगळं ठेवा. सान कार्लोसजवळच्या एजॅक्स बे इथे जागाच नव्हती म्हणून जुन्या मांस गोठवण्याच्या कारखान्यात इस्पितळ आणि शेजारी साठा केला. २७ मे च्या हल्ल्यात साठा पेटला आणि न फुटलेले बॉम्ब इस्पितळाच्या इमारतीत अडकून राहिले.

माणसं जहाजावर एक तासही जास्त ठेवू नका. ८ जूनला फिट्झरॉयजवळ ‘सर गॅलाहाड’ दिवसाउजेडी, सैनिक पोटात घेऊन उभं होतं. विमानं आली, ४८ जण मेले, त्यांतले ३२ वेल्श गार्ड्सचे. लहान बेट, थोडा शत्रू म्हणूनही सैल राहू नका. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या अंजदीव बेटावर ‘त्रिशूल’च्या नौसैनिकांची तुकडी बोटींतून उतरली आणि त्या छोट्या कारवाईत सात भारतीय नौसैनिक गेले.

आराखडा पूर्ण झाला की त्याची मोडतोड करा. फासा टाकून एक जहाज काढून टाका. दुसऱ्यांदा एच-अवर तासभर पुढे ढकला आणि भरतीचं कोष्टक पुन्हा बघा. तिसऱ्यांदा पहिल्या फेरीतल्या दोन मोठ्या बोटी परत येत नाहीत असं धरा. प्रत्येक वेळी उखळी तोफा, डॉक्टर, वायरलेस आणि पाणी किनाऱ्यावर किती वाजता पोचतं ते लिहा. एखाद्या रकान्यात ‘पोचत नाही’ असं आलं, तर लाटांचं वेळापत्रक खोडत बसू नका. जहाज भरण्याच्या तक्त्याकडे परत जा आणि तिथून पुन्हा भरा.